अस्सल पोस्टर म्हणजे काय? ‘मॅकेनाज् गोल्ड’ आणि माझी एक फसलेली खरेदी

काजवे बघायला आलेली काही मंडळी मागे उभी दिसताहेत. त्यांना सांगतो, अंधार पडायला अजून तासभर आहे, बसून घ्या. काजवे कुठं जात नाहीत.

विषय जाहीर झाला तेव्हा शेंडीतल्या एका परिचितानं मला विचारलं, “सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता पोस्टरांवर बोलणार?” मी म्हटलं, हो, कारण माझे बारा हजार रुपये गेलेत. पैसे गेले की माणूस जरा नीट विचार करायला लागतो. (हशा) तर आज तोच विचार तुमच्यापुढे मांडतो. पोस्टर विकत घेतो तेव्हा आपण नक्की काय विकत घेतो, आणि ‘अस्सल’ या शब्दाचे पैसे कशाबद्दल मोजतो, एवढाच प्रश्न आहे.

आधी हकिगत सांगतो. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पाटबंधारे खात्यात होते. नोकरीतली बरीच वर्षं इथं धरणावरच गेली. हे विल्सन धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं, ते दादा प्रत्येक पाहुण्याला सांगतात, म्हणून मीही सांगून टाकतो. सत्तरच्या दशकात मी कॉलेजात असताना त्यांनी मला एकदा घोटीमार्गे एसटीनं नाशिकला नेलं आणि ‘मॅकेनाज् गोल्ड’ दाखवला. आम्हा दोघांनाही इंग्रजी यथातथाच. पण घोडे, दऱ्या, सोनं आणि कोसळणारे कडे यांना भाषांतर लागत नाही. थिएटरबाहेर भलं मोठं पोस्टर होतं. दादा सिनेमा सुटल्यावर पुन्हा त्या पोस्टरपाशी जाऊन उभे राहिले. परतीची गाडी चुकते की काय, अशी मला धास्ती.

आता दादा पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येतं, डोळे मात्र चांगले आहेत. म्हटलं, त्यांना ते पोस्टर आणून द्यावं. एका मोठ्या शहरात जुन्या पोस्टरांचा व्यवहार करणारा एक विक्रेता मिळाला. भारतात छापलेलं, पहिल्या प्रदर्शनाच्या वेळचं, असं तो म्हणाला. बारा हजार. मी घासाघीस केली नाही. प्राध्यापकाला ती येत नाही.

घरी आणून ओटीवर पसरलं. उत्तम दिसत होतं. चार घड्या घातलेल्याच्या खुणा होत्या, घडीवर रंग उडालेला होता, एका कोपऱ्यात टाचणीची भोकं होती. मी कौतुकानं त्या घडीवरून बोट फिरवलं. बोट सरळ गेलं. कागद गुळगुळीत! घडी दिसत होती, पण हाताला लागत नव्हती. टाचणीची भोकंही डोळ्यांना दिसत होती, पण त्यातून उजेड पलीकडे जात नव्हता. कुणीतरी एका जुन्या पोस्टरचा फोटो काढून तो घड्यांसकट, भोकांसकट, नव्या कागदावर छापला होता. म्हातारपण सगळं छापील.

मी त्या विक्रेत्याला फोन केला. त्यानं आवाज न चढवता मला एक वाक्य ऐकवलं, “चित्र तर तेच आहे ना, सर?” आणि मंडळी, खरं सांगतो, मला क्षणभर उत्तर सुचेना. पीएच.डी. तत्त्वज्ञानात आणि उत्तर सुचेना! चित्र तेच होतं. मग मी चिडलो कशावर?

न्यायशास्त्रात दोन शब्द आहेत, जाती आणि व्यक्ती. इथं जाती म्हणजे समाजातली जात नव्हे. सगळ्या गायींमध्ये जे समान आहे, ज्यामुळे आपण तिला गाय म्हणतो, ते गोत्व ही जाती. आणि दावणीला बांधलेली ही एक तांबडी गाय ती व्यक्ती. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथं तुम्ही गेलात तर गोत्व विकत घेत नाही. हा बैल घेता. म्हणून त्याचं तोंड उघडून दात बघता, दोनदाती आहे की चारदाती की जुळलेला, पाठीवरून हात फिरवता, चालवून बघता. विकणारा जर म्हणाला की दात कशाला बघता, बैल तर बैलच आहे ना, तर तुम्ही काय म्हणाल ते या व्यासपीठावर सांगता येणार नाही. (हशा) माझ्या विक्रेत्यानं तेच केलं होतं. किंमत व्यक्तीची घेतली आणि माल जातीचा दिला.

पण एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. कारण बैल काही छापून निघत नाहीत. पोस्टर हे जन्मापासूनच शेकडो, हजारोंनी छापलेलं असतं. मग त्यातल्या एकाला अस्सल आणि दुसऱ्याला नक्कल का म्हणायचं? नेल्सन गुडमन नावाचे एक अमेरिकन तत्त्वज्ञ होते. त्यांचं ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ हे पुस्तक १९६८ सालचं. त्यांनी असा भेद केला की काही कलांमध्ये बनावट हा प्रकार संभवतो आणि काहींमध्ये संभवतच नाही. आपलं उदाहरण घेऊ. तुकोबांच्या गाथेची तुमच्या घरातली प्रत आणि माझ्या घरातली प्रत यांत अस्सल कोणती? प्रश्नच चुकीचा आहे. शब्द बरोबर असले की दोन्ही गाथाच. पण देहूच्या देवळात जी भिजकी वही जपून ठेवली आहे, तिची गोष्ट वेगळी. तिथं शब्द तेच आहेत एवढं पुरत नाही, तोच कागद, तोच हात लागतो. वाचायला गाथा हवी असेल तर बाजारातली प्रत घ्यावी, दर्शनाला देहूला जावं. दोन्हींत कमीजास्त काही नाही, पण एकाच्या नावावर दुसरं देऊ नये.

मग पोस्टर गाथेसारखं की वहीसारखं? गुडमन छापचित्रांच्या बाबतीत सांगतात की ठसा एकाहून अधिक प्रतींचा असला तरी प्रत त्याच मूळ ठशावरून निघालेली असली पाहिजे. म्हणजे एकाच आईची अनेक लेकरं चालतील, पण फोटो काढून बनवलेलं लेकरू चालणार नाही. मला हे बरंचसं पटतं, पण पुरतं पटत नाही. का, ते पुढे सांगतो. आधी दात कसे मोजायचे ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी उद्या असं पोस्टर घ्यायला जाईल.

घडी हे पहिलं. अमेरिकेत तेव्हा पोस्टरचा नेहमीचा आकार सत्तावीस इंच बाय एक्केचाळीस इंच असे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती पोस्टरं यंत्रावर घडी घालून थिएटरांना पोस्टानं जात. त्यामुळे पन्नास-साठ सालातलं अमेरिकन पोस्टर घडीशिवाय, गुंडाळी करून कोरं करकरीत मिळालं, तर आनंद होण्याआधी शंका यावी. गुंडाळलेली मिळतच नाहीत असं नाही, पण थोडी. घडी हा दोष नसून जन्मखूण आहे. मात्र माझ्यासारखं करू नका, दुकानातच बोट फिरवा.

दुसरं भिंग. शाळेतलं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. छापील चित्र बारीक ठिपक्यांचं असतं हे तुम्हाला माहीत आहे. पण मूळ छपाईत अक्षरं सहसा सलग शाईची असतात, त्यांच्या कडा स्वच्छ असतात. पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलं की अक्षरंही चित्राबरोबर ठिपक्यांची होतात, कडा विस्कटतात. मी घरी येऊन भिंग लावलं तर नायकाच्या नावाचं पहिलं अक्षर गोवराच्या अंगासारखं दिसलं. जुनी दगडावरची लिथो छपाई असेल तर ठिपक्यांची जाळीच दिसत नाही, खडूनं काढल्यासारखा रवा दिसतो.

तिसरं, तळाची बारीक अक्षरं. यात एक गंमत आहे. अमेरिकेत १९४० पासून पुढं कित्येक वर्षं नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाची कंपनी बहुतेक स्टुडिओंची पोस्टरं थिएटरांना पुरवायची. त्यांच्या पोस्टरच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात आकडा असे, आधी साल, मग तिरपी रेघ, मग अनुक्रमांक. चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला की आधी आर हे अक्षर. आणि आणखी एक मजकूर असे, त्याचा आशय असा की ही कंपनीची मालमत्ता आहे, तुमच्या थिएटरात हा चित्रपट चालू असेतोवर लावण्यापुरती दिली आहे. बघा! म्हणजे ही वस्तू मुळात विकायची नव्हतीच. भाड्यानं नेलेली गोष्ट कुणीतरी परत केली नाही, म्हणून आज ती बाजारात आहे. सगळा ‘अस्सल’ पोस्टरांचा व्यापार न परतवलेल्या कागदांवर उभा आहे. नीतिशास्त्र शिकवणाऱ्यानं यावर वेगळं व्याख्यान द्यावं.

आपल्याकडच्या पोस्टरांवर तळाशी बहुधा छापखान्याचं नाव असतं, ते बघावं. आणि विचारावं की पहिल्या प्रदर्शनाचं की नंतरचं? ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, मुंबईत मिनर्व्हाला पाच वर्षं चालला, नंतरही फिरून फिरून लागत राहिला. प्रत्येक वेळी पोस्टरं निघणारच. त्यातलं कुठलंही खोटं नाही, पण १९७५ चं म्हणून घेतलेलं १९७५ चं असावं. जे काही तोंडी सांगतात ते पावतीवर लिहून मागा. साल, देश, पहिलं की फेरप्रदर्शन, मागून कापड लावून दुरुस्त केलंय का, कुठं रंग भरलाय का. लिहून द्यायला जो कां-कूं करतो त्याला नमस्कार करून निघा. मी पावती घेतली होती. तिच्यावर लिहिलं होतं, “पोस्टर, १ नग.” (हशा)

आता देशाचा मुद्दा निघालाच आहे तर वेस्टर्न या प्रकाराबद्दल दोन शब्द. अमेरिकेचा पश्चिम भाग, एकोणिसावं शतक, कायदा अजून पोचलेला नाही, एक घोडेस्वार येतो, एवढी त्याची चौकट. पण यात ‘मूळ’ शोधायला निघालात तर फजिती होते. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ हा १९६४ चा. गोष्ट अमेरिका-मेक्सिको सीमेवरची, दिग्दर्शक सर्जिओ लिओने इटालियन, चित्रण बरंचसं स्पेनमध्ये, आणि कथा अकिरा कुरोसावांच्या १९६१ च्या ‘योजिंबो’ची, म्हणजे जपानची. त्यावरून दावा झाला आणि शेवटी मिळकतीचा पंधरा टक्के हिस्सा जपानी पक्षाला द्यावा लागला. त्याच लिओनेंच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चं इटालियन नाव चांगला, कुरूप, वाईट अशा क्रमानं आहे, इंग्रजीत क्रम बदलला. इटलीत तो १९६६ अखेर लागला, अमेरिकेत वर्षभरानं. तर अस्सल पोस्टर कुठलं? संग्राहकांचा संकेत असा की चित्रपट ज्या देशाचा, त्या देशाचं पहिल्या प्रदर्शनाचं. म्हणजे इटालियन. पण जगभरच्या लोकांच्या डोळ्यांपुढे जे आहे ते अमेरिकन. आणि आपला ‘शोले’ तरी काय, रामगड म्हणून जे दिसतं ते कर्नाटकातलं रामनगर, राम येडेकरांनी तिथं उभं केलेलं गाव. आपण मात्र रामगडलाच जाऊन आलोय.

आता माझं गुडमनशी न पटण्याचं कारण. त्यासाठी पोलंडला जावं लागेल, फार वेळ नाही.

‘हाय नून’ हा १९५२ चा चित्रपट. एक मार्शल, गुंड दुपारच्या गाडीनं येणार, गावातला एकही माणूस मदतीला यायला तयार नाही. तो एकटा रस्त्यावर उतरतो. गॅरी कूपर त्या भूमिकेत आहे. पटकथा कार्ल फोरमन यांची. त्या काळात अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांना चौकशीला बोलावत, फोरमनना बोलावलं, त्यांनी इतरांची नावं द्यायला नकार दिला, काळ्या यादीत गेले आणि देश सोडून इंग्लंडला राहिले. एकट्या पडलेल्या माणसाची गोष्ट लिहिता लिहिता ते स्वतः एकटे पडले. पुढं याच फोरमननी ‘मॅकेनाज् गोल्ड’ लिहिला आणि निर्माण केला. हे मला पोस्टर घेतल्यानंतर कळलं, आणि बारा हजारांतले दोनेक हजार वसूल झाले असं मी धरलं.

तर पोलंड. ४ जून १९८९. कम्युनिस्ट राजवटीतली, अंशतः का होईना, पण खुली अशी पहिली निवडणूक. सॉलिडॅरिटी ही कामगारांची चळवळ विरोधात उभी. तोमाश सार्नेत्स्की नावाच्या एका तरुण कलाविद्यार्थ्यानं तिच्यासाठी पोस्टर केलं. त्यात ‘हाय नून’मधला गॅरी कूपर सरळ समोर चालत येतो आहे. छातीवर मार्शलच्या बिल्ल्याच्या जोडीला सॉलिडॅरिटीचा बिल्ला, आणि हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. खाली चित्रपटाचं पोलिश नाव आणि तारीख. मतदानाच्या दिवशी सकाळी ते भिंतींवर होतं. सॉलिडॅरिटी ज्या जागा लढवू शकत होती त्यांतल्या जवळजवळ सगळ्या जिंकली.

गंमत अशी, की हे पोस्टर नकलेची नक्कल आहे. अमेरिकन चित्रपटातला चेहरा, पोलंडमधल्या जुन्या पोस्टरची आठवण, त्यात फेरफार. कम्युनिस्टविरोधाच्या नावाखाली ज्या लेखकाला देशाबाहेर जावं लागलं, त्यानं लिहिलेला नायक कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध मतं मागतोय! आणि तरी, त्या दिवशी वॉर्सातल्या भिंतीवर लागलेला तो कागद आज कुणाकडे असेल तर तो अस्सल आहे, असं आपण एकमुखानं म्हणू. तो कुठल्या मूळ ठशावरून निघाला हे आपण विचारणारही नाही. आपण विचारू, हा त्या दिवशी तिथं होता का?

म्हणून माझं म्हणणं असं की पोस्टरचं अस्सलपण त्याच्या कामात आहे. चित्र टांगण्यासाठी असतं, पोस्टर बोलावण्यासाठी. अमुक दिवशी, अमुक गावात, अमुक लोकांना ‘या’ असं म्हणायला जो कागद छापला गेला तो अस्सल. बाबुराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर आपल्याकडच्या उरलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पोस्टरांपैकी मानतात. कोल्हापूरचा चित्रकार स्वतःच चित्रपट करतो आणि स्वतःच त्याच्यासाठी लोकांना हाक मारतो. त्या हाकेला लोक आले आणि कागद बहुतेक पावसात वाहून गेले. पोस्टर टिकावं अशी अपेक्षाच नसते. खळ लावायची, भिंतीला मारायचं, पुढच्या शुक्रवारी त्यावर दुसरं. जे वाचलं ते आपलं काम न केल्यामुळे वाचलं, गोदामात पडून राहिलं म्हणून. ही अडचण माझ्या सिद्धांताला आहे, मला ठाऊक आहे. प्रश्नोत्तरांत कुणीतरी काढेलच, म्हणून आधीच कबूल करतो.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलं की यंत्रानं प्रती काढता येऊ लागल्या आणि कलावस्तूभोवतीचं तेजोवलय विरलं. बरोबर आहे. पण बाजार त्यांच्याहून हुशार निघाला. त्यानं यंत्रानं काढलेल्या प्रतीभोवतीच नवं वलय तयार केलं आणि वर त्या वलयाचीही प्रत काढली. माझ्या पोस्टरवरची ती छापील घडी म्हणजे दुसरं काय?

आता दादांकडे वळतो, कारण खरी अडचण तिथं होती. मी त्यांना आधीच सांगून बसलो होतो की मूळ पोस्टर आणतोय. ते उत्साहानं म्हणाले, “खळ करायला सांगतो सूनबाईला, ओटीवर लावू.” मी घाबरून म्हटलं, दादा, खळ नाही लावायची, हे जपायचं असतं. काच, चौकट, मागं आम्लरहित पुठ्ठा, कागद काचेला टेकता कामा नये, उन्हात नको, आणि आपल्या इथल्या पावसाळ्यात तर भिंतीवर नकोच. तुम्ही इथले नसाल तर सांगतो, घाटघरकडून पाऊस सुरू झाला की इथं कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. जुना कागद ओल ओढतो, मग डाग, मग कसर. दादा ऐकून गप्प झाले. म्हणाले, “मग बघायचं कधी?”

आणि आता ते नक्कल निघालं होतं. सांगावं की नाही? मी दोन दिवस सांगितलं नाही. न सांगण्याच्या बाजूनं चांगली कारणं होती. म्हातारा माणूस, त्याचा आनंद, चित्र तर तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हे शेवटचं कारण मी कुणाकडून उसनं घेतलंय. तेव्हा जाऊन सांगितलं. दादा, आपण फसलो. हे जुनं नाही, नवीन छापलेलं आहे.

त्यांनी चष्मा लावून पोस्टर पुन्हा पाहिलं. मग ग्रेगरी पेकवर बोट ठेवून मला विचारलं, “नकाशा जाळला तो हाच ना रे?”

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोन्याच्या दरीचा नकाशा मार्शल मॅकेनाच्या हाती येतो. त्याला ती थाप वाटते, तो नकाशा जाळून टाकतो. पण जाळण्याआधी त्यानं तो पाहिलेला असतो. म्हणून दरोडेखोर त्याला पकडून नेतात, कारण आता नकाशा फक्त त्याच्या डोक्यात आहे. पुढचा सगळा चित्रपट त्या जळालेल्या कागदावर चालतो. अमेरिकेत तो फारसा चालला नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरून फिरून लागत राहिला.

मी म्हटलं, “हो दादा, तोच.”

“मग आता खळ लावायला हरकत नाही ना?”

खरंच हरकत नव्हती. त्यांचं वाक्य आणि विक्रेत्याचं वाक्य जवळजवळ एकच होतं, चित्र तेच आहे. पण विक्रेता ते पैसे घेतल्यावर म्हणाला, आणि दादा खरं कळल्यावर. सूनबाईंनी गव्हाच्या पिठाची खळ केली, त्यात किडीसाठी थोडा मोरचूद घातला, तो मात्र हात न लावता काठीनं ढवळला. दादांनी खुर्चीत बसून सूचना केल्या, डावीकडं वर घे, फुगा राहिला तिथं. ओटीच्या आतल्या भिंतीला ते लागलं, गेल्या वर्षी मे महिन्यात. छापील घड्यांच्या जोडीला चिकटवताना दोन खऱ्या सुरकुत्या पडल्या.

आषाढात उजवा कोपरा सुटला. पुन्हा लावला. श्रावणात पुन्हा सुटला, आता तिथं तपकिरी डाग आहे आणि घोटीहून आलेला एक पाहुणा मला परवा विचारत होता की हे जुनं पोस्टर विकणार का. मी त्याला भिंग दिलं.

अंधार पडलाय. प्रश्न असतील तर विचारा, नाहीतर ती मागची मंडळी माझ्यावर चिडतील.